सोड म्हणेपर्यंत

१

गाडीची बाकीची कामं एकट्याने होतात. ब्रेकमधली हवा काढायला मात्र दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, एक सीटवर. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा दिसत नाही, आणि सगळा कारभार दोन शब्दांवर चालतो. खालच्याने "धर" म्हणायचं, वरच्याने पेडल दाबून "धरलं" म्हणायचं. मग खालच्याने चाकाजवळचा बोटभर निप्पल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, सैल करायचा, नळीतून ऑइल आणि त्यातले बुडबुडे बाटलीत येऊ द्यायचे, निप्पल पुन्हा आवळायचा आणि मगच "सोड" म्हणायचं. तोवर वरच्याने पाय उचलायचा नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. मध्येच उचलला, की बाहेर काढलेली हवा परत आत ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात.

हा नियम मी तंत्रशाळेत बत्तीस वर्षं शिकवला. बाई शिकवते म्हणून पहिल्या आठवड्यात हसणारी मुलं दुसऱ्या आठवड्यात हात मागे बांधून उभी राहायची. निवृत्त झाले तरी आवाज काही निवृत्त झालेला नाही, असं आमचे हे म्हणतात. त्यांचं सगळं आयुष्य ग्रंथालयात गेलं, त्यामुळे त्यांना कोणाचाही आवाज मोठाच वाटतो.

त्या शनिवारी नाश्ता आटोपला आणि मी जुन्या साडीची फडकी, पान्यांचा डबा आणि ब्रेक ऑइलचे दोन नवे डबे घेऊन खाली गॅरेजमध्ये उतरले. आमचं घर टेकडीवर आहे. घराच्या पोटातच गॅरेज आहे, वरून सोळा पायऱ्या उतरून यायचं, समोर शटर, आणि शटरबाहेर थेट उतार. त्या उतारावर खालच्या पुलापर्यंत सहा वळणं आहेत. सहावं सगळ्यात वाईट.

लेकीची बदली झाली होती. नवं गाव तीन तासांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आठ महिन्यांच्या पिल्लाला घेऊन निघणार होती, आणि मामाची जुनी गाडी तिला हवी होती. जावईबापू आधीच सामानाबरोबर पुढे गेले होते.

"आई, नवी घेईपर्यंत फक्त," ती म्हणाली होती. "ब्रेक तर हिचे एक नंबर आहेत. तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

सांगत होते खरी. दगडासारखं पेडल, असं मीच म्हणायचे. पण गेल्या आठवड्यात उतारावर पुढच्या चाकातून किरकिर ऐकू आली होती. पिल्लू बसणार त्या गाडीत किरकिर ठेवायला मी काही तयार नव्हते.

२

पुढचं डावं चाक काढलं, पॅड धरून ठेवणारा कॅलिपर उचलला आणि ब्रेक पॅड हातात घेतले. पॅड कसले, नुसते पत्रे उरले होते. ज्या मसाल्याने चाकाची डिस्क धरायची तो मसाला दोन्हीकडे संपून लोखंडावर लोखंड घासत होतं. उजवीकडे तीच तऱ्हा. ही एका महिन्याची झीज नव्हती. माझ्या हिशेबाने हे पॅड तीन-चार वर्षांपूर्वीच संपले होते.

संपले तर संपले, नवे आणलेच होते. पण नवे बसवायच्या आधी बॉनेट उघडून ऑइलची छोटी टाकी बघितली आणि मी तिथेच थांबले.

टाकी कोरडी होती. तळाला काळा, वाळलेला थर होता, जुन्या काजळीसारखा. बोट घातलं तर बोटाला ओलसुद्धा लागली नाही.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकललं जातं, ऑइल पॅडना ढकलतं, पॅड चाकाची डिस्क धरतात. ऑइल नाही म्हणजे पेडल सरळ जमिनीला टेकतं आणि गाडी जिकडे जायची तिकडे जाते. यात मधला मार्ग नाही. आणि मी दोनच दिवसांपूर्वी ही गाडी घेऊन सहाही वळणं उतरून दवाखान्यात जाऊन आले होते.

दार उघडून हाताने पेडल दाबलं. दगड. तसूभर हललं नाही.

मी गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या मिस्त्रीला फोन लावला. इंजिनाचं काम तोच करतो. ब्रेकला हात लावायचा नाही अशी मी त्याला ताकीद दिलेली होती.

"टाकी कोरडी आणि पेडल कडक?" तो म्हणाला. "ताई, असं होत नाही."

"माझ्यासमोर आहे."

"मग पेडल गंजून अडकलं असेल."

"अडकलेल्या पेडलने परवा गाडी थांबली कशी?"

तो हसत म्हणाला, "ताई, तुम्ही आम्हाला शिकवलंय. तुम्हीच सांगा."

मी मनाशी म्हटलं, आत कुठेतरी जुनं ऑइल घट्ट होऊन राहिलं असेल. म्हटलं आणि कामाला लागले. कामाला लागलं की निम्मे प्रश्न आपोआप गप्प होतात. उरलेले निम्मे मात्र पाठीमागे येऊन उभे राहतात.

३

मिस्त्रीला ती ताकीद का दिली होती हे आता सांगायलाच हवं.

गाडी माझ्या दादाची. लग्न केलं नाही, आमच्याकडेच वरच्या खोलीत राहायचा. सहा फुटी देह, एवढा मोठा आवाज, आणि हट्टी असा की एकदा हो म्हटलं तर ब्रह्मदेव आला तरी नाही म्हणायचा नाही. मला तो मास्तर म्हणायचा. दर वर्षी ब्रेकचं काम आम्ही दोघं करायचो. मी खाली, तो वर. चपला बाहेर काढून अनवाणी बसायचा. "तळव्याला कळतं गं, बुटाला काय कळणार?" हे त्याचं दर वर्षीचं ठरलेलं वाक्य.

अकरा वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी आम्ही तीन चाकं पुरी केली होती. चौथ्याला, म्हणजे पुढच्या उजव्याला, मी "धर" म्हटलं, त्याने "धरलं" म्हटलं, आणि वर घरात फोन वाजला. शाळेतून येणार होता तो फोन, माझ्या बढतीचा. निप्पल अजून उघडला नव्हता. मी फडक्याला हात पुसत पायऱ्या चढू लागले.

मागून दादा ओरडला, "मास्तर, पायाला मुंग्या आल्यात!"

"आले, आले," मी पायऱ्यांवरून हसत म्हटलं. "धर तोवर."

मी चाळीस मिनिटं बोलत होते. आधी बढतीचं, मग कोणाच्या बढतीने कोणाच्या पोटात दुखतंय त्याचं. खाली आले तेव्हा दादा सीटवर होता, मान थोडी कलली होती, आणि पाय पेडलवर होता. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, क्षणात गेले असतील, त्रास झाला नसेल. क्षण कोणता, पहिल्या मिनिटाचा की एकोणचाळिसाव्याचा, ते त्यांना सांगता आलं नाही. पाय पेडलवरून उचलायला दोन माणसं लागली.

एवढं मात्र कोणाला सांगितलं नव्हतं, की "सोड" म्हणायचं राहून गेलं. काय सांगणार? लोक म्हणाले असते, बाईला दुःखाने काहीतरी सुचतंय. पण त्यानंतर त्या सीटवर कोणी बसलंय आणि खालून कोणी "धर" म्हणतंय हे मला कानांनी ऐकवलं नसतं. म्हणून अकरा वर्षं ब्रेकला कोणाचाही हात लागला नव्हता. वाहनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही, ठाऊक आहे मला.

४

नवे पॅड बसले, मागच्या ब्रेकच्या पट्ट्याही बदलून झाल्या, टाकी नव्या ऑइलने काठोकाठ भरली. मग ह्यांना हाक मारली. हे शब्दकोड्याचं पान काखेत मारून उतरले आणि सीटवर बसले.

नियम समजावून सांगितला. हे म्हणाले, "म्हणजे मला धर, सोड असं एकेरीत?"

"गाडीखाली अहो-जाहो चालत नाही."

"तीस वर्षांची हौस भागवून घे बाई एकदाची."

गाडी शटरकडे तोंड करून उभी होती, मागे भिंत. पेडल दाबलं की मागचे लाल दिवे लागायचे आणि अख्खी भिंत लाल व्हायची. गाडीखाली पडल्या पडल्या मला ते दिसायचं. भिंत लाल म्हणजे पाय पेडलवर आहे. मुलांनाही मी ही युक्ती शिकवायचे, कारण माणूस खोटं बोलतो, दिवा बोलत नाही.

सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणून मागच्या डाव्यापासून सुरुवात केली.

"धर."

"धरलं." भिंत लाल.

निप्पल सैल केला. काळपट, घाण ऑइल फुसफुसत आलं, त्यात बुडबुडेच बुडबुडे. माझ्या जिवात जीव आला. कडक होतं ते पेडल आता मुकाट खाली जात होतं. म्हणजे यंत्रच होतं, यंत्रासारखं वागत होतं. तेवढ्यात भिंत विझली.

"अहो! सोड म्हटलं का मी?"

"सहा अक्षरी शब्द सुचला गं, लिहून घेत होतो."

"पायाने लिहिता का?"

पुन्हा पहिल्यापासून केलं. मग मागचं उजवं. ह्यांना आता लय सापडली होती. धर, धरलं, सोड. धर, धरलं, सोड. स्वच्छ, मधाच्या रंगाचं ऑइल यायला लागलं. वरून लेकीच्या कपाटाच्या दारांची उघडझाप ऐकू येत होती, मध्येच पिल्लू किरकिरत होतं. सगळं ठीक होतं, आणि तरी माझं मन थाऱ्यावर नव्हतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा टोचत होती. आत हवाच हवा भरलेली होती, तर मग परवा मला थांबवलं कोणी?

५

पुढच्या डाव्या चाकाचा निप्पल गंजला होता. तारेच्या ब्रशने तो घासायला पाच मिनिटं गेली. खर्रखर्र आवाजात ह्यांनी काहीतरी म्हटल्याचं मला ऐकू आलं, पण कळलं नाही. लेथच्या आवाजाने बत्तीस वर्षांत कानांची चाळण झालेली आहे. मी नुसतं "हं" म्हटलं.

नळी जोडली, रिकामी बाटली ठेवली. "धर."

थोडा वेळ काहीच नाही. मग सीट करकरली. भारी माणूस नीट सावरून बसतो तशी.

"धरलं."

भिंत लाल झाली. निप्पल सैल केला आणि ऑइल आलं ते अखंड, एका धारेत, एक बुडबुडा नाही. ह्यांचा पाय चाचरत जायचा. आता दाब एकसारखा होता. मनात आलं, वा, शिकले एकदाचे. धार थांबली, मी निप्पल आवळला, पान्याला शेवटचा पाव आटा दिला. आता "सोड" म्हणायचं.

आणि समोर, शेवटच्या पायरीवर, मला ह्यांच्या चपला दिसल्या.

चपलांच्या वर पायजमा. मी मान वळवून बघितलं. हे पिल्लाला खांद्यावर टाकून थोपटत उभे होते.

"झालं का ब्रश घासून?" हे म्हणाले. "सांगून गेलो होतो ना तुला, पिल्लू रडतंय म्हणून? तू हं म्हणालीस."

भिंत लाल होती.

मी जागची हलले नाही. डोकं मात्र भराभर चाललं होतं. पेडल अडकलं असेल. वायर शॉर्ट झाली असेल. "धरलं" मला ऐकू आलं कारण तेच ऐकायची कानांना सवय लागली होती. हे सगळं शक्य आहे. पण पेडल खाली गेल्याशिवाय ऑइल येत नाही, आणि माझ्या कुशीला ती बाटली अर्धी भरलेली होती.

गाडीखालून सरपटत बाहेर आले. गुडघे टेकून ड्रायव्हरच्या बाजूला गेले. काचेतून सीट रिकामी दिसली. ह्यांचं कोडं शेजारच्या सीटवर, त्यावर पेन.

दार उघडलं आणि खाली वाकले.

पेडल जमिनीला टेकलेलं होतं. त्याच्या रबरावर आमच्या गॅरेजची पांढरी धूळ होती, आणि त्या धुळीत एक रुंद अंगठा उमटलेला होता. रबर मधोमध दबलेलं होतं. मी बघत असताना ते बारीक थरथरत होतं. खूप वेळ ताणून धरलेला पाय थरथरतो ना, तसं.

६

"दिवे लागलेत मागचे. बॅटरी उतरेल," हे म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी लेकीला हाक मारली, पिल्लाला तिच्याकडे वर पाठवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. पेडल बघितलं. हात घालून वर ओढून बघितलं.

"येत नाही," ते म्हणाले.

"स्प्रिंग अडकली असेल."

"असेल." ह्यांनी पेडलवरचा हात काढला. या माणसाने माझ्याशी आयुष्यात कधी वाद घातला नाही, आणि त्याला काहीच कळत नाही असं मी समजत आले. "त्या दिवशी तू वर माझ्याजवळच होतीस फोनवर. खालून दोनदा हाक आली होती. मला वाटलं तू ऐकलीस. तुला वाटलं असेल मी ऐकली."

हे त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. मला त्यांचा राग आला, मग माझा आला, आणि मग कसलाच आला नाही.

"म्हणून टाक," हे हळूच म्हणाले. "स्प्रिंग असेल तर काही बिघडत नाही. आणि नसेल तर, बास की आता. माणसाने किती धरायचं?"

तोंडापर्यंत आलेला शब्द बाहेर पडेना. मला दादाची भीती वाटत नव्हती. भीती उद्याची होती. माझ्या हातचे पॅड, माझ्या हातचं ऑइल, सगळं पुस्तकाप्रमाणे. आणि तरी मनात येत होतं, की ही गाडी गेली काही वर्षं पुस्तकाप्रमाणे थांबतच नव्हती. जो थांबवत होता त्यालाच आदल्या दिवशी निरोप द्यायचा? आणि पिल्लाला फक्त माझ्या कारागिरीवर सोडायचं? आयुष्यभर ज्या कारागिरीचा तोरा मिरवला तिच्यावर माझाच विश्वास बसेना, ही लाज कोणाला सांगू?

पेडलचं रबर थरथरत होतं. वर पिल्लू हसल्याचं ऐकू आलं.

मी डोळे मिटले आणि म्हटलं, "सोड, दादा. चुकलं माझं. सोड."

आधी काही झालं नाही. मग टक् आवाज झाला आणि पेडल वर आलं. भिंत विझली. सीटच्या स्प्रिंगा एकेक करून उसासल्या, आणि गाडी, मी शपथेवर सांगते, दोन बोटं उंच झाली. हे म्हणाले जॅक सरकला असेल. मी हो म्हटलं.

चौथं चाक आम्ही दोघांनी पुरं केलं. ह्यांनी न सांगता चपला काढून ठेवल्या होत्या.

७

संध्याकाळच्या आत मी गाडी तीनदा उतारावर नेऊन आणली. प्रत्येक वळणावर ब्रेक दाबला, गाडी थांबली. पेडल आता कोणत्याही चांगल्या गाडीच्या पेडलसारखं होतं, थोडं खाली जाणारं, मग धरणारं. असंच असायला हवं. परीक्षेत मी याला पैकीच्या पैकी दिले असते. पण अकरा वर्षं दगडावर पाय ठेवायची सवय झालेली, त्यामुळे ते मऊ पेडल मला जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. रात्री जेवताना लेक म्हणाली, "आई, तू घास घेतेस की मोजतेस?"

सकाळी आठ वाजता ती निघाली. पिल्लू मागे त्याच्या खुर्चीत, पट्ट्यात बांधलेलं. "पोचल्यावर फोन कर" हे मी चारदा सांगितलं. तिने चारदा मान डोलावली.

आमच्या कठड्यावरून सहाही वळणं दिसतात. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. पहिलं वळण, मागचे लाल दिवे लागले, विझले. दुसरं, लागले, विझले. तिसरं. चौथं. मी ह्यांचा हात धरला होता, तो माझ्या नखांमुळे लाल झाला होता ते मी नंतर पाहिलं. पाचवं. मग सरळ तुकडा, उताराचा सगळ्यात तीव्र, आणि त्याच्या शेवटी सहावं.

गाडी त्या तुकड्यावर आली. दिवे लागले नाहीत.

दाबेल, अजून जागा आहे, मी स्वतःला सांगितलं. गाडीचा वेग वाढत होता. दिवे लागले नाहीत. कदाचित ती उशिराच ब्रेक दाबते, तरुण मुलं दाबतात. वळण तीन गाड्यांच्या अंतरावर आलं आणि मागचे दिवे विझलेलेच होते.

मी ओरडले. एवढ्या जोराने की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

"धर!"

दिवे लागले. गाडी नाकावर झुकली, वळणाच्या तोंडाशी जागच्या जागी थबकली, मग हळूहळू वळली आणि पुलाकडे दिसेनाशी झाली. दिसेनाशी होईपर्यंत दिवे विझले नव्हते.

हे माझ्याकडे बघत होते.

८

फोन दुपारी आला.

"पोचलो गं बाई एकदाचे. पिल्लू मजेत आहे. ऐक, त्या शेवटच्या वळणावर काय झालं माहितेय? मागे ते रडायला लागलं, मी वळून बघितलं, आणि पुढे बघते तर वळण हे एवढ्यावर. माझा पाय पोचायच्या आधीच गाडी थांबली! काय ब्रेक केलेस आई. दगड आहे पेडल, अगदी तू म्हणायचीस तसं."

"बरं," मी म्हटलं. माझ्या मागे हे हातातलं कोडं मिटून उभे होते.

"फक्त एक भानगड आहे. इथे दारात शेवटचा ब्रेक दाबला तो सुटलाच नाही. मी गाडी बंद करून खाली उतरलेय, किल्ली माझ्या हातात आहे, आणि मागचे दिवे अजून जळतायत. पेडल खालीच बसलंय. हाताने येत नाही. इथला मिस्त्री म्हणाला जबरदस्तीने वर काढतो, मी म्हटलं थांबा, आधी आईला विचारते. हे बघ, मी फोन आत पेडलपाशीच धरते, तुला काही आवाज येतो का ऐक."

फोन आत गेल्याचं कळलं. तिचा आवाज लांब गेला. रस्त्यावरच्या वर्दळीचा आवाज बंद झाला आणि बंद गाडीच्या आतली ती जाड शांतता कानाला लागली.

आता मला एकच शब्द म्हणायचा होता. काल म्हटला होता, आजही म्हणता आला असता. लेक दर पंधरवड्याला हाच रस्ता चढून येणार होती, हीच सहा वळणं उतरून जाणार होती, पिल्लाला मागे बसवून. पुन्हा कधी तरी ते रडणार होतं. पुन्हा कधी तरी ती वळून बघणार होती.

त्या शांततेत, खूप खालून, थकलेल्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "मास्तर, पायाला मुंग्या आल्यात."

मला रडू फुटलं. भाऊ होता तो माझा. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला ठाऊक होतं ते माझ्या तोंडून कोणता शब्द ऐकायची वाट बघतायत.

मी फोन तोंडाजवळ नेला.

"धर," मी म्हटलं. "धर तोवर."